पाच बायोडेटा, तीन कॅप्टन आणि गाडी एकच

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीला तुमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, ई-रिक्षा आणि छोट्या मालवाहू गाड्यांच्या चॅसिस बनवता. दोन ट्रेनी इंजिनिअर घ्यायचेत. जाहिरात टाकली आणि एकाच कॉलेजच्या पाच मुलांचे बायोडेटा आले. पाचही जण म्हणतात की त्यांनी एकाच वर्षी, एकाच टीममधून ‘बाहा एसएई इंडिया’ या कॉलेजच्या मुलांच्या गाडी बांधण्याच्या स्पर्धेत भाग घेतला. त्यातले तिघे स्वतःला टीम कॅप्टन म्हणवतात. एकाचं प्रमाणपत्र तुम्हाला संगणकावर जुळवल्यासारखं वाटतंय. खरं-खोटं ओळखायचं कसं, की पाचही बायोडेटा टोपलीत टाकायचे, हा तुमचा प्रश्न. जाता जाता तुम्ही असंही विचारलंय की मोटर कंट्रोलर (विजेच्या मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) विकणाऱ्या एका कंपनीच्या ब्रोशरवर ‘आंतरराष्ट्रीय वाहन स्पर्धेत सहभागी’ असं छापलंय, त्याला किती किंमत द्यायची.

टोपलीत टाकू नका. मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, कॉलेजच्या मुलांच्या स्पर्धांना टेक्निकल इन्स्पेक्शनसाठी जातो आणि आमच्याकडे येणाऱ्या फ्रेशर्सच्या मुलाखतीही घेतो. म्हणजे हीच मुलं मला आधी ग्रीसने माखलेल्या हातांनी भेटतात आणि नंतर इस्त्रीच्या शर्टात. सरसकट थाप, म्हणजे गाडीला कधी हातही लावला नाही आणि स्पर्धेत होतो म्हणून लिहिलं, अशी क्वचित सापडते. बहुतेक वेळा दावा दोन-तीन पायऱ्या वर सरकवलेला असतो. त्यामुळे ‘भाग घेतला होता की नव्हता’ असं विचारून तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या आहेत: गाडी कुठवर पोहोचली, आणि त्या गाडीला या मुलाचा हात किती लागला.

पहिली गोष्ट समजायला स्पर्धा कशी चालते ते माहीत हवं. अमेरिकेत ती १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडे २००७ मध्ये मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पिथमपूरला पहिल्यांदा भरली, आणि अजूनही पिथमपूर म्हटलं की मुलांना बाहाच आठवते. एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर पळणारी बग्गी मुलांनी स्वतः डिझाइन करून बांधायची. पेट्रोलच्या गाडीत इंजिन सगळ्यांना सारखंच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं. ते फोडून ताकद वाढवायला परवानगी नाही. त्यामुळे कस लागतो तो फ्रेम, सस्पेन्शन, ट्रान्समिशन आणि वजनात. २०१५ पासून बॅटरीवरच्या गाड्यांची ई-बाहा आली.

आता पायऱ्या बघा. आधी कॉलेज नाव नोंदवतं आणि फी भरतं. मग व्हर्च्युअल फेरी होते. तिथे गाडी नसते; संगणकावरचं मॉडेल, हिशेब आणि नियमांची माहिती यांवर परीक्षक उलटसुलट विचारतात, आणि बऱ्याच टीम तिथेच गळतात. पुढे गेलेल्यांपैकी काहींची गाडी पैसे संपल्यामुळे किंवा गिअरबॉक्स वेळेत न मिळाल्यामुळे उभीच राहत नाही. काहींची राहते, टेम्पोवर चढते, पिथमपूरला पोहोचते आणि टेक्निकल इन्स्पेक्शनच्या रांगेत अडकते. इथे नियम कडक आहेत. रोल केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पाइपांच्या पिंजऱ्याच्या, मुख्य पाइपचा बाहेरचा व्यास २५.४ मिमी, जाडी ३.०५ मिमी आणि पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के, किंवा तेवढ्याच ताकदीचा दुसरा पाइप वापरल्याचा हिशेब दाखवायचा. वेल्डिंगचे नमुने आणायचे: एक तोडून दाखवलेला, एक उभा चिरून आतला जोड दाखवणारा. गाडी तत्काळ बंद करणारे किल स्विच दोन, एक ड्रायव्हरच्या हाताशी आणि एक बाहेरच्या माणसाला पोहोचेल असा. ड्रायव्हरने सगळे पट्टे सोडून ५ सेकंदांत बाहेर यायचं. मग ब्रेक टेस्ट: पळत्या गाडीचा ब्रेक दाबला की चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. हे सगळं झाल्यावरच गाडी पळवायला मिळते, आणि अखेरीस ४ तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे गाडीचा दम बघणारी शर्यत, ज्यात अ‍ॅक्सल, नकल, सस्पेन्शन आर्म जे काही कच्चं असेल ते मोडतंच.

व्हर्च्युअलला बाद झालेली टीम आणि ४ तास पूर्ण काढलेली टीम, दोघांच्याही बायोडेटावर ओळ मात्र एकच: ‘बाहामध्ये सहभाग’. मुलांनाच बोल लावण्यात अर्थ नाही. एनबीए, नॅक या कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या अर्जांत कॉलेजला विद्यार्थ्यांचा बाहेरच्या स्पर्धांतला सहभाग दाखवावा लागतो. मग कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो, त्यावर प्राचार्यांचा फोटो गाडीपेक्षा मोठा, आणि कोणत्या फेरीत काय झालं याचा उल्लेख नाही. त्या फ्लेक्सवर जे छापलंय तेच मुलगा बायोडेटात उतरवतो आणि प्लेसमेंट सेलही त्याला तेच उतरवायला सांगतो.

परदेशातली एक मोठी स्पर्धा बघा, म्हणजे मला पायऱ्यांबद्दल काय म्हणायचंय ते कळेल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने ड्रायव्हरशिवाय पळणाऱ्या गाड्यांची शर्यत ठेवली होती. २००५ साली १९५ टीमनी अर्ज केले. त्यातल्या ४३ पात्रता फेरीला आल्या, २३ मोजाव्ह वाळवंटातल्या अंतिम शर्यतीत उतरल्या आणि फक्त ५ गाड्यांनी सबंध मार्ग पूर्ण केला. त्यातलीही एक वेळेच्या मर्यादेत बसली नाही. स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’ पहिली आली. १९५ पैकी प्रत्येकाला ‘आम्ही त्या शर्यतीत होतो’ म्हणता येईल, आणि शब्दशः ते खोटंही नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, तर कुणीच मार्ग पूर्ण केला नव्हता. सगळ्यात पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’ साडेसात मैलांच्या आतच एका वळणावर अडकून पडली होती. हे साडेसात मैल कुणी लपवत नाही, उलट आकडा सांगूनच ती गोष्ट सांगितली जाते. त्याच विद्यापीठाच्या गाड्या पुढच्या वर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, आणि २००७ ची शहरी शर्यत त्यांनी जिंकली. मुलाखतीत मी नेमका हा आकडा शोधतो. ‘व्हर्च्युअल पास झालो, गाडी नेली, ब्रेक टेस्टला नापास झालो’ असं ज्याने बायोडेटात सरळ लिहिलं, त्याचं पान मी बाजूला काढून ठेवतो.

आता दुसरी गोष्ट: हात किती लागला.

टीममध्ये साधारण पंचवीस-तीस मुलं असतात. प्रत्यक्ष गाडीवर रात्री जागणारी त्यातली सात-आठ. काही जण हिशेब, प्रायोजक, प्रवास, जेवण बघतात. हे काम हलकं समजू नका, गाडी पिथमपूरला पोहोचते ती त्यांच्यामुळे. काही ज्युनिअर असतात, पाइप धरायला आणि चहा आणायला. आणि काही जण वर्गणी भरून आलेले असतात. स्पर्धेचा खर्च लाखांत जातो, कॉलेज सगळा देत नाही, मग माणशी काही हजार काढले जातात. ज्याने पैसे दिले त्याचं नाव यादीत जातं आणि त्याला प्रमाणपत्रही मिळतं. अगदी अस्सल, आयोजकांच्या सहीचं. म्हणजे खरं प्रमाणपत्र हातात असूनही मुलगा कोरा असू शकतो. म्हणूनच तुम्ही ज्या प्रमाणपत्राची एवढी काळजी करताय ते मी मुलाखत झाल्यावर बघतो.

याची उलटी बाजूही आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. यादीत नावांची मर्यादा असते, आणि पिथमपूरला जाणारी मुलं त्याहून कमी. शेवटच्या महिन्यात टीममध्ये भांडणं होतात, कुणाची परीक्षा येते, कुणाच्या घरून परवानगी मिळत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे सर्रास होतं. वर्षभर स्टिअरिंगच्या रॅक-अँड-पिनियनशी झटलेल्या मुलीचं नाव यादीतून कापलं जातं आणि तिच्या जागी कुणाचा तरी मित्र जातो. ती प्रामाणिक असेल तर बायोडेटात स्पर्धेचं नाव लिहायलाच कचरते. तुम्ही फक्त प्रमाणपत्राच्या गाळणीतून बायोडेटा गाळलेत, तर वर्गणीवाला आत येईल आणि ती बाहेर राहील.

मग ओळखायचं कसं? माझी पद्धत साधी आहे: यशाचं काही विचारायचंच नाही, काय मोडलं ते विचारायचं. कारण असं की यश रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, आणि रिपोर्ट टीममधल्या कुणालाही पाठ करता येतो. तो बऱ्याचदा सिनिअरचाच असतो, गाडीचं नाव बदललेला. पेडल रेशो, थांबण्याचं अंतर, फॅक्टर ऑफ सेफ्टी, ही उत्तरं धडाधड येतात. काय मोडलं हे मात्र रिपोर्टमध्ये नसतं. ते ज्याच्या हातात मोडलं त्यालाच माहीत.

एक प्रसंग सांगतो. ब्रेकचं काम केलंय म्हणणारे दोन उमेदवार एकाच दिवशी आले, वेगवेगळ्या कॉलेजचे. दोघांनाही मी विचारलं, ‘ब्रेक टेस्टला पहिल्यांदा का नापास झालात?’ पहिला म्हणाला, ‘आम्ही पहिल्याच फटक्यात पास झालो सर,’ आणि डिस्कचा व्यास, पेडलवरचा जोर, सगळं सांगून मोकळा झाला. असं होऊ शकतं, पण मी पुढे विचारलं की ब्लीडिंग करताना (म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढताना) पेडलवर कोण होतं आणि हवा सोडायच्या निपलवर कोण. तो थांबला. दुसरा मुलगा हसला आणि म्हणाला, ‘मागचं डावं चाक लॉकच होईना.’ पेडलचा जोर तेलावर देणारा मास्टर सिलिंडर मारुती ८०० चा, चाकाच्या डिस्कला चिमटा घेणारे कॅलिपर बाइकचे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवल्यामुळे ब्लीडिंगचा निपल खालच्या बाजूला आला होता. हवा वर जाते, निपल खाली. कितीही तेल काढा, हवा आतच. पेडल स्पंजसारखं दबत राहिलं. शेवटी त्यांनी कॅलिपर सोडवला, हातात उलटा धरला, पॅडच्या मध्ये लाकडाची चकती घातली आणि तसाच ब्लीड केला. चकती कशाला, तर पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून. हे सांगताना त्याने हातानेच कॅलिपर उलटा धरून दाखवला. त्याची टीम त्या वर्षी एन्ड्युरन्सला उतरलीच नव्हती, आणि पहिल्या मुलाच्या टीमचा क्रमांक चांगला होता. मी दुसऱ्याला घेतलं.

तुमचं काम फॅब्रिकेशनचं आहे, तर तुमच्यासाठी प्रश्न त्याहून सोपे आहेत. पाइपची तोंडं कशी कापली ते विचारा. दोन गोल पाइप कोनात जुळवायचे तर एकाचं तोंड माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं. ज्याने केलंय तो सांगेल की मॉडेलमधून त्या कापाचा नकाशा एकास एक मापात कागदावर छापला, पाइपवर गुंडाळला, मार्करने रेघ मारली आणि ग्राइंडरने घासत बसलो. वर हेही सांगेल की झेरॉक्सवाल्याने प्रिंट ‘फिट टू पेज’ काढली म्हणून अख्खी एक लांबी वाया गेली. मग विचारा, पाइप कुठून आणला, टेस्ट सर्टिफिकेट दुकानदाराने सहज दिलं की मागे लागावं लागलं? टिगने वेल्ड केलं की आर्कने, आणि वेल्डर बाहेरचा होता का? वेल्डर बाहेरचा असणं गैर नाही. बहुतेक टीम बाहेरूनच करून घेतात आणि जिगवर (पाइप जागेवर धरणाऱ्या साच्यावर) टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारताना स्वतः उभ्या राहतात. टॅक मारल्यानंतर फ्रेम किती ओढली गेली, हे विचारा; तुमच्या शॉपफ्लोअरवर रोज हेच घडतं, त्यामुळे उत्तर खरं की रचलेलं हे मला सांगता येणार नाही इतकं चटकन तुम्हाला कळेल. ट्रान्समिशनवाला असेल तर गिअरबॉक्स कोणता, हे विचारा. आपल्याकडे बऱ्याच टीम महिंद्रा अल्फा तीनचाकीचा गिअरबॉक्स लावत आल्यात, काही सीव्हीटी (गिअर बदलावे न लागणारा प्रकार) घेतात. ‘अल्फाचा’ असं उत्तर आलं तर नवा घेतला की जुना, पुण्याच्या नाना पेठेत मिळाला की कुठल्या गॅरेजवाल्याकडून, उघडल्यावर आत काय निघालं, असं विचारत जा. खरा मुलगा इथे खुलतो. खोट्याची वाक्यं आखूड होत जातात आणि ‘आम्ही’ वाढत जातं.

‘आम्ही’वरून आठवलं. ‘आम्ही केलं’ ऐकलं की मी लगेच ‘तू काय केलंस?’ असं विचारतो, पण त्या शब्दावरूनच संशय घेत नाही. आपल्याकडच्या चांगल्या घरच्या मुलांना ‘मी’ म्हणायचीच लाज वाटते. दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर नेमकं झालं तर ठीक.

कागदपत्रं बघायची तर अशी बघा. प्रत्येक गाडीला स्पर्धेत नंबर असतो आणि तो गाडीवर ठळक लिहिलेला असतो. फोटो मागवा, नंबर बघा आणि त्या वर्षीच्या निकालात तो नंबर शोधा. निकालात इव्हेंटनिहाय गुण असतात. गाडी डायनॅमिकला, म्हणजे प्रत्यक्ष पळवायच्या फेऱ्यांना, उतरली की नाही ते तिथेच दिसतं. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धा (कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते, तिथे छोट्या रेसिंग गाड्या असतात) निकाल खुलेपणाने प्रसिद्ध करतात, त्यामुळे तिथला दावा तपासायला दहा मिनिटं पुरतात. क्रमांकाच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा: ‘ऑल इंडिया रँक ७’ हा कशातला? एकूण निकालातला, की फक्त कॉस्ट रिपोर्टमधला, म्हणजे गाडीच्या खर्चाच्या हिशेबातला? कॉस्टमध्ये सातवी आलेली गाडी ब्रेक टेस्टच पास न झालेली असू शकते. रँक खरी असते, तिच्याभोवतीचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलेलं असतं.

खात्री करायची तर सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे टीमचे मार्गदर्शक प्राध्यापक, अर्थात फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर. प्लेसमेंट ऑफिसरला फोन करू नका, त्यांना मुलं लावायची असतात. फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरला विचारा, ‘वर्कशॉपची किल्ली रात्री कुणाकडे असायची?’ नाव पटकन येतं.

तुम्हाला संशय आलेल्या प्रमाणपत्राबद्दल घाई नको. आयोजक हल्ली पीडीएफ पाठवतात आणि नाव साच्यात आपोआप भरलं जातं. लांब नाव असलं की फॉन्ट लहान होतो, ओळ तिरपी दिसते, कधी आडनाव रेघेबाहेर जातं. म्हणजे अस्सल प्रमाणपत्रही जुळवल्यासारखं दिसू शकतं. मुलाकडे मूळ फाइल मागा, ती ज्या ई-मेलसोबत आली तो ई-मेल पुढे पाठवायला सांगा, आणि तरीही शंका राहिली तर आयोजकांना प्रत पाठवून विचारा. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघून कुणावर तो आरोप करू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. कोविडच्या काळात, २०२१ च्या आसपास, कितीतरी स्पर्धा ऑनलाइन झाल्या. डायनॅमिक फेऱ्यासुद्धा सिम्युलेशनवर. त्या बॅचचा मुलगा ‘गाडी कधी ट्रॅकवर नेली नाही’ म्हणाला तर तो खरं बोलतोय. दुसरं, गो-कार्टच्या आणि तत्सम अनेक खासगी स्पर्धा आहेत, ज्यांत फी भरली की प्रमाणपत्र ठरलेलंच. त्यातल्या काही चांगल्या असतात, काही नुसती दुकानदारी. नावावरून ठरवू नका. टेक्निकल इन्स्पेक्शन कोण करत होतं आणि किती गाड्या परत पाठवल्या एवढं विचारा. एकही गाडी परत गेली नसेल तर त्या प्रमाणपत्राला शून्य किंमत द्या.

तिसरं म्हणजे तुमचे तीन कॅप्टन. तिघेही खरे असू शकतात. नोंदणीपासून स्पर्धेपर्यंत बराच काळ जातो. मधे कॅप्टनला नोकरी लागते किंवा तो गेट परीक्षेच्या अभ्यासाला लागतो आणि व्हाइस कॅप्टन सूत्रं घेतो. शिवाय मुलं ‘एकच टीम’ म्हणत असली तरी कॉलेजच्या पेट्रोल आणि ई-बाहाच्या दोन टीम असल्या तर कॅप्टनही दोन. त्यामुळे तिघांनाही फक्त ‘कधीपासून कधीपर्यंत?’ असं विचारा. तारखा एकापुढे एक जुळल्या तर मिटलं. तिघांनीही एकच काळ सांगितला तर दोघांचं काहीतरी बिघडलंय.

खोटं सापडलं तर काय करायचं, यात मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाही. ‘व्हर्च्युअल फेरीपर्यंत’ लिहायच्या जागी नुसतं ‘सहभाग’ लिहिलं, हे मी तोंडावर सांगतो, बायोडेटा दुरुस्त करून पाठवायला लावतो आणि पुढे विचार करतो. एकवीस वर्षांच्या मुलाला आजवर हे कुणी सांगितलेलंच नसतं. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर लावणाऱ्याला मात्र मी घेत नाही, त्याला विषय कितीही येत असला तरी. आमच्याकडे टेस्ट रिपोर्टवर सही करावी लागते. आज दुसऱ्याचं वेल्डिंग आपलं म्हणणारा उद्या न केलेली टेस्ट केली म्हणून सही करेल, आणि त्या गाडीत माणसं बसणार असतात. तुमच्या चॅसिसवरही बसणार आहेत. प्रमाणपत्रच बनावट निघालं तर नकार द्या आणि कॉलेजला लेखी कळवा, पुढे काय करायचं ते कॉलेज आणि आयोजक बघतील.

इथवरचं थोडक्यात: गाडी कुठवर गेली ते निकालावरून कळतं, मुलाचा हात किती लागला ते काय मोडलं हे विचारून कळतं, आणि प्रमाणपत्र या दोहोंच्या नंतर.

आता ब्रोशरबद्दल. कंपन्याही हेच करतात, फक्त कागद गुळगुळीत असतो. उदाहरण म्हणून प्रोग्रेसिव्ह ऑटोमोटिव्ह एक्स प्राइझ घ्या. गॅलनला १०० मैल किंवा त्याच्या तोडीची गाडी बनवा आणि १ कोटी डॉलरच्या बक्षिसात वाटा मिळवा, अशी ती स्पर्धा होती. १११ टीमनी १३६ गाड्यांची नोंदणी केली. पुढे कागदोपत्री छाननी, मग मिशिगनच्या ट्रॅकवर एकामागून एक चाचण्या, आणि सप्टेंबर २०१० मध्ये बक्षिसं मिळाली ती फक्त तीन टीमना: एडिसन२, ली-आयन मोटर्स आणि एक्स-ट्रेसर. नोंदणीच्याही आधी नुसतं इरादापत्र देणाऱ्या टीम होत्या. म्हणजे इरादा कळवला, नोंदणी केली, छाननीत टिकली, ट्रॅकवर आली, अंतिम फेरी गाठली, जिंकली, इतक्या पायऱ्या. आणि त्यातल्या कुठल्याही पायरीवरची कंपनी ब्रोशरवर ‘सहभागी’ छापू शकते. तुमच्या विक्रेत्याला एवढंच विचारा: कोणती स्पर्धा, कोणतं वर्ष, गाडी कोणाची, आणि तुमचा हाच कंट्रोलर त्या गाडीत होता का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा ‘त्याच्या आधीचं मॉडेल होतं’ असं उत्तर येतं. मग स्पर्धा विसरा आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीने चढ चढताना तो किती तापतो याचा टेस्ट रिपोर्ट मागा. तुमचं काम त्याने भागेल.

पाच मुलांसाठी शेवटचा एक उपाय, मी वापरतो तो. पाचही जणांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवा. मुलाखतीआधी प्रत्येकाला कोरा कागद द्या, वेगवेगळं बसवा, आणि लिहायला सांगा: फ्रेम कुणी केली, ब्रेक कुणी, ट्रान्समिशन कुणी, बिलांची फाइल कुणाकडे होती, गाडी कुणी चालवली. फक्त नावं, दुसरं काही नाही. मग पाचही कागद शेजारी शेजारी मांडा. जो स्वतःचं नाव चार ठिकाणी लिहितो आणि बाकीच्या चौघांच्या कागदावर कुठेच नसतो, त्याच्याशी फार वेळ घालवू नका. ज्याचं नाव दुसऱ्यांनी लिहिलंय त्याला आधी आत घ्या. आणि माझा अनुभव असा की अनेकदा या कागदांवर एखादं सहावंच नाव पुन्हा पुन्हा येतं, ज्याने तुमच्याकडे अर्जच केलेला नसतो. त्याचा किंवा तिचा नंबर त्याच पाच जणांकडून मागून घ्या आणि संध्याकाळी फोन करा.